ओरॅकल सोडून पोस्टग्रेसवर जायचंय? मग आधी व्याजाची प्रोसीजर उघडा

प्रश्न थोडक्यात असा आलाय. सांगलीतली २२ माणसांची सॉफ्टवेअर कंपनी, पतसंस्थांचं आणि दोन साखर कारखान्यांचं काम करते, सगळं ओरॅकल कंपनीच्या डेटाबेसवर. नवीन संस्थेला कोटेशन दिलं की सॉफ्टवेअरपेक्षा डेटाबेसच्या लायसन्सचा आकडा मोठा दिसतो आणि चेअरमन म्हणतात बघू पुढच्या मीटिंगला. तर पोस्टग्रेस या फुकटच्या डेटाबेसवर जावं का, आणि दोन पोरं बसवली तर दिवाळीपर्यंत होईल का.

दिवाळीपर्यंत होत नाही साहेब, हे पहिल्यांदाच सांगून मोकळा होतो म्हणजे पुढचं तुम्ही शांतपणे वाचाल. पण करा नक्की. मी वीसेक वर्षं हेच काम करतोय, अर्धं आयुष्य ओरॅकलवर गेलं, नंतरच्या काळात तीन ठिकाणचं पोस्टग्रेसवर नेलं, त्यातलं एक पहिल्या झटक्यात फसलं आणि परत मागं यावं लागलं, त्यामुळं जे लिहितोय ते बरंचसं त्या फसलेल्यातून शिकलेलं आहे.

आधी पैशाचं बघू, कारण तिथंच लोक अंदाजपंचे बोलतात. ओरॅकलच्या स्टँडर्ड एडिशन टूचा छापील दर प्रत्येक सॉकेटला, म्हणजे सर्व्हरमधल्या एकेका प्रोसेसर चिपला, १७,५०० डॉलर आहे. युजरवर घ्यायचं म्हटलं तर माणशी ३५० डॉलर, आणि कमीत कमी १० युजर घ्यावेच लागतात. वर दरवर्षी सपोर्टचे २२ टक्के. डॉलर ८५ रुपये धरा. म्हणजे दोन शाखांची छोटी पतसंस्था, १० युजर, ३,५०० डॉलर, म्हणजे २,९७,५०० रुपये, आणि पुढं दरवर्षी ६५ हजाराच्या आसपास. तुमचं सॉफ्टवेअर दीड लाखाचं असंल तर गिऱ्हाईक उठून जाणारच की. दोन सॉकेटचा सर्व्हर घेतला तर ३५,००० डॉलर, साधारण २९ लाख ७५ हजार, वर्षाला साडेसहा लाख सपोर्ट. डिस्काउंट मिळतो, घासाघीस होते, पण सुरुवात इथनं होते.

आणि युजर म्हणजे काय हे नीट समजून घ्या. काउंटरवरची सहा माणसं म्हणजे सहा युजर नव्हे. पिग्मी एजंट मोबाईलवरनं जी भरणा एंट्री पाठवतो तोपण युजर, मधे तुमचा ॲप सर्व्हर आहे आणि डेटाबेसला एकाच लॉगिननं जोडलाय म्हणून तो एक धरला जात नाही, पलीकडची माणसं मोजायची असतात. ४० एजंट असले की ४० आले. आणि उद्या सभासदांना मोबाईल ॲप दिलं की मोजणीच संपली, मग सॉकेटवरच घ्यायला लागतंय. तुमच्यापैकी किती क्लायंटकडं हे बरोबर आहे ते आज संध्याकाळी शांत बसून बघा, मी काही विचारत नाही.

एंटरप्राइज एडिशन कुणाकडं चुकून बसवलेली असेल तर ते वेगळंच दुखणं. तिथं दर प्रोसेसरला ४७,५०० डॉलर, इंटेलचा एक कोअर म्हणजे अर्धा प्रोसेसर, म्हणजे १६ कोअरचा सर्व्हर ८ प्रोसेसर धरतात, ३ लाख ८० हजार डॉलर. पार्टिशनिंग (मोठं टेबल तुकड्यांत ठेवणं), ट्यूनिंग पॅक याचे पैसे आणखी वेगळे, आणि गंमत अशी की ही फीचर्स वापरताना कुणी अडवत नाही, कुलूप नसतंच. कुणीतरी हौशी पोरानं एक टेबल पार्टिशन केलं की डेटाबेस स्वतःच ते लिहून ठेवतो, डीबीए फीचर युसेज स्टॅटिस्टिक्स नावाचा व्ह्यू आहे, एक सिलेक्ट मारून बघा. मी एका ठिकाणी बघितलं तेव्हा मालकांनी पंखा फुल्ल करायला सांगितला.

म्हणून माझं म्हणणं, प्लॅटफॉर्म बदलायच्या आधी चार दिवस नुसतं मोजा. कुठल्या क्लायंटकडं कुठली एडिशन, किती डेटा, किती युजर, टेस्टिंगचा सर्व्हर कुठं पडलाय आणि त्याच्यावर काय चालतंय. अर्ध्या संस्थांचा डेटा १२ जीबीच्या आत असतो, त्यांना ओरॅकलची फुकटची एडिशन (आधी एक्सप्रेस, आता ओरॅकल डेटाबेस फ्री) पण पुरते, दोन सीपीयू थ्रेड आणि दोन जीबी रॅमची मर्यादा आहे पण सहा माणसांच्या काउंटरला चालतंय. मी स्वतः पैशाचा डेटा त्याच्यावर कायमचा ठेवणार नाही कारण पॅच येत नाहीत, पण हा पर्याय माहीतच नाही असं व्हायला नको.

आता एक महत्त्वाचं विचारतो, कारण तुम्ही लिहिलेलं नाही. कारखान्याचं पॅकेज डी२के मधलं आहे का? म्हणजे ओरॅकल फॉर्म्स आणि रिपोर्ट्स, स्क्रीन आणि रिपोर्ट बनवायची ओरॅकलची जुनी टूल्स? आपल्या भागात शेतकी खात्याचं, ऊस बिलाचं, गोडाऊनचं सॉफ्टवेअर अजून बऱ्याच ठिकाणी त्याच्यातच आहे. तसं असंल तर हे डेटाबेस बदलायचं काम नाहीच, फॉर्म्स ओरॅकलला बांधलेला आहे, अख्खं सॉफ्टवेअर नवीन लिहायला लागणार. त्याला वेगळं बजेट, वेगळी वर्षं. ते याच्यात मिसळू नका. पतसंस्थेचं जावामध्ये आहे असं तुम्ही म्हणताय, तर पुढचं सगळं त्याच्याबद्दल.

पोस्टग्रेसच का, मायएसक्यूएल का नाही, हेही पोरं विचारतील. मायएसक्यूएल जीपीएल लायसन्सखाली येतं आणि तुम्ही प्रॉडक्ट बरोबर बांधून देणार, मग ते कमर्शियल लायसन्सचं झेंगट परत मागं लागू शकतं, ज्याच्यापासनं पळालो तेच. आणि मालकही ओरॅकलच. पोस्टग्रेसचं लायसन्स एकदम मोकळं आहे, विका, बांधून द्या, बदला, कुणी विचारत नाही. दुसरं म्हणजे प्रोसीजर, म्हणजे डेटाबेसच्या आत चालणारा कोड, लिहायची त्याची पीएल/पीजीएसक्यूएल भाषा ओरॅकलच्या पीएल/एसक्यूएलच्या इतकी जवळची आहे की तुमच्या माणसांना वाचता येते. ओरॅकलशी मिळतंजुळतं असं पैसे देऊन घ्यायचं पोस्टग्रेस पण मिळतं, कंपन्या विकतात, पण त्याला परत कोअरप्रमाणे वर्गणी आहे. लायसन्स वाचवायला निघून परत वर्गणी भरायची असेल तर कॅल्क्युलेटर घेऊन बसा.

ओरा२पीजी नावाचं फुकटचं टूल आहे. ते तुमच्या स्कीमावर, म्हणजे टेबलं आणि प्रोसीजरच्या ढाच्यावर, चालवा, एस्टिमेट कॉस्टचा रिपोर्ट काढा, ते प्रत्येक प्रोसीजर, व्ह्यू, ट्रिगर बघून किती मनुष्यदिवस लागतील याचा अंदाज देतं. आकडा खरा मानू नका, पण कुठं अवघड आहे ते दिसतं. टेबलं एका दिवसात जातात. डेटा एका रात्रीत जातो. त्या दिवशी सगळे खूश असतात, मालक पेढे मागवतात, आणि खरं काम तिथनं सुरू होतं.

मी ज्या फसलेल्या कामाबद्दल म्हणालो ते असं. पतसंस्थेचं सॉफ्टवेअर, टेबलं गेली, डेटा गेला, प्रोसीजर कंपाइल झाल्या, स्क्रीन उघडल्या, आम्ही टेस्टिंगला पासबुक छापून बघितलं, सगळं झकास. आणि पहिल्या ठेव-व्याजाच्या तरतुदीला १८० दिवसांच्या सगळ्या ठेवींवर व्याज आलं शून्य. एरर नाही काही नाही, प्रोसीजर व्यवस्थित पूर्ण झाली असा मेसेज. एक लाखाची ठेव, ९ टक्के, १८० दिवस, यायला पाहिजे ४,४३८ रुपये ३६ पैसे, आलं शून्य. ४०० दिवसांच्या ठेवीवर ९,८६३ च्या जागी बरोबर ९,००० आलं, एक पैसा इकडं नाही तिकडं नाही. तो ९,००० बघून मला कळलं. ओरॅकलमध्ये दोन तारखा वजा केल्या की दिवस मिळतात आणि ते भागिले ३६५ केलं की अपूर्णांक मिळतो, १८० भागिले ३६५ म्हणजे ०.४९. पोस्टग्रेसमध्ये दोन तारखांची वजाबाकी पूर्णांक, ३६५ पण पूर्णांक, आणि पूर्णांक भागिले पूर्णांक म्हणजे पूर्णांकच, मागचं कापून टाकतो. १८० भागिले ३६५ शून्य. ४०० भागिले ३६५ एक. म्हणून बरोबर एका वर्षाचं व्याज. ३६५ च्या पुढं टिंब आणि शून्य टाकलं की झालं, ३६५.०, एवढंच. पण ते एवढंच कुठं कुठं टाकायचं हे शोधायला आम्हाला अकरा दिवस लागले, कारण दिवस भागिले ३६५ हे व्याजात होतं, दंडव्याजात होतं, मुदतपूर्व मोडीत होतं, डिव्हिडंडात होतं, आणि एका ठिकाणी ३६५ च्या ऐवजी व्हेरिएबल होता लीप वर्षासाठी, तो इंटिजर.

त्याचाच भाऊ म्हणजे नंबर हा डेटाटाइप. ओरॅकलमध्ये आपल्या लोकांना सवय, कॉलमला नुसतं नंबर लिहायचं, किती आकडे किती दशांश काही नाही. ओरा२पीजी तसंच चालवलं, सेटिंग न बघता, तर अशा नुसत्या नंबरचं बिगइंट, म्हणजे पूर्णांक, करतं, मग व्याजदर ९.५ असेल तर बसणार कुठं. आणि ज्याला दशांश दिलेत त्या कॉलमचं फ्लोट प्रकारात, म्हणजे अंदाजे दशांशात, रूपांतर करतं. पैशाला फ्लोट! हे वाचल्यावर ज्यानं कधी तेरीज (ट्रायल बॅलन्स) जुळवलीय त्याच्या अंगावर काटा आला पाहिजे. पीजी न्यूमेरिक टाइप नावाचं सेटिंग शून्य करा, रकमेचे आणि दराचे सगळे कॉलम हातानं न्यूमेरिक (अचूक दशांश) लिहा, किती दशांश ते लिहा, आणि कंटाळा करू नका.

आता रिकाम्या जागेचा घोळ. ओरॅकलला रिकामी स्ट्रिंग (शून्य अक्षरांचा मजकूर) आणि नल (किंमतच नाही) एकच. जगात बाकी कुणाला तसं वाटत नाही. आपल्या सगळ्या रिपोर्टमध्ये नाव असं जोडलेलं असतं, पहिलं नाव, मग मधलं, मग आडनाव, मधे दोन उभ्या रेघा. ओरॅकलमध्ये मधलं नाव नसलं तर ते सोडून बाकीचं छापलं जातं. पोस्टग्रेसमध्ये त्या तीनपैकी एक नल असला की अख्खं उत्तर नल. म्हणजे ज्या सभासदाचं मधलं नाव भरलेलं नाही त्याच्या ठेव पावतीवर नावच नाही, कोरी जागा. गणपती मंडळ, भिशी ग्रुप, किराणा दुकानाच्या नावानं उघडलेलं खातं, यांना कसलं मधलं नाव. एका मंडळाचे खजिनदार कोरी पावती घेऊन काउंटरला आले आणि म्हणाले, पैसे घेताना तर नाव बरोबर विचारलं होतंत की. त्या जागी कॉन्कॅट वापरा, ते नल सोडून देतं.

आणि ह्याची दुसरी बाजू आणखी वाईट, कारण ती उशिरा दिसते. जुना डेटा येताना नल म्हणून येतो, पण नवीन एंट्री करताना तुमची जावाची स्क्रीन रिकामा पॅन नंबर रिकामी स्ट्रिंग म्हणून पाठवते. ओरॅकल त्याचं नल करून टाकायचा, त्यामुळं पॅनवर युनिक इंडेक्स (एकच किंमत दोनदा बसू न देणारा) असला तरी बिनपॅनचे हजार सभासद बसायचे. पोस्टग्रेसमध्ये रिकामी स्ट्रिंग ही खरीखुरी किंमत आहे. पहिला बिनपॅनचा सभासद बसतो. दुसरा बसत नाही. संस्थेतनं फोन येतो की काल एक नवीन खातं झालं, आज होत नाही, सर्व्हर स्लो आहे का बघा. सर्व्हर स्लो आहे का हा आपल्याकडचा कुठल्याही दुखण्याचा पहिला प्रश्न असतो, काय करणार.

मराठी अक्षरांवर थोडं जास्त लिहितो कारण बाहेरची कन्सल्टंट मंडळी हे कधीच सांगत नाहीत, त्यांना माहीतच नसतं. तुमचं सॉफ्टवेअर २०१० च्या आधीचं असेल तर सभासदांची नावं युनिकोडमध्ये असण्याची शक्यता कमी. श्रीलिपी, नाहीतर सी-डॅकचं आयएसएम, नाहीतर कुठला तरी तिसराच फॉन्ट, आणि डेटाबेसमध्ये पडलेत ते इंग्रजीतले विचित्र टोप्या घातलेले अक्षरं, फॉन्ट लावला की मराठी दिसतं. डेटाबेसचा कॅरेक्टर सेट विंडोज १२५२. तो तसाच यूटीएफ-८ च्या पोस्टग्रेसमध्ये ओतला तर बहुतेक अक्षरं येतात, पण १२५२ मध्ये पाच जागा रिकाम्या आहेत आणि फॉन्टवाल्यांनी त्याही सोडलेल्या नसतात, आमच्याकडं तिथं उलटी प्रश्नचिन्हं आली. म्हणून म्हणतो जातानाच युनिकोड करून घ्या. पण तो सरळ अक्षराला अक्षर बदलायचा खेळ नाही. त्या फॉन्टमध्ये टाइपरायटरसारखं असतं, पहिली वेलांटी अक्षराच्या आधी, म्हणजे शिंदे लिहिताना वेलांटी आधी, मग श. युनिकोडमध्ये श आधी. रफाराचं उलटं, सूर्यवंशी मध्ये फॉन्टवाला य लिहून त्याच्यावर रफार ठेवतो, युनिकोडला र आणि हलन्त य च्या आधी लागतो. कन्व्हर्टर मिळतात, चांगले आहेत, पण जोडाक्षरावर वेलांटी आली की चुकतात. सगळी वेगळी आडनावं आणि गावांची नावं काढा, डुप्लिकेट गेले की यादी वाटते तेवढी मोठी नसते, चार-पाच हजार, आणि ती संस्थेतल्याच एखाद्या जुन्या क्लार्कला वाचायला द्या. आमच्याकडं एका रिटायर व्हायला आलेल्या बाईंनी दोन दुपारी यादी तपासून दिली, पोरांना महिना लागला असता.

एक गंमत सांगतो. युनिकोड झाल्यावर, मराठीचं आयसीयू कोलेशन, म्हणजे अक्षरांच्या क्रमाचे नियम, लावल्यावर, सभासदांची यादी पहिल्यांदा खऱ्या अकारविल्हे आली. दुसऱ्या दिवशी तक्रार, यादी चुकलीय. वीस वर्षं फॉन्टच्या बाइटनं लागलेल्या यादीची सवय होती लोकांना, कुठलं नाव कुठल्या पानावर ते पाठ. सॉर्टिंगचं आणखी एक, सर्व्हरचं लिनक्स नवीन केलं की सिस्टीमचे सॉर्टिंगचे नियम बदलू शकतात, ग्लिबसी या लिनक्सच्या मूळ लायब्ररीच्या २.२८ व्हर्जनला मोठा बदल झाला होता, आणि मग जुने इंडेक्स गुपचूप चुकीचे ठरतात, नाव आहे पण सर्चला सापडत नाही. ओएस बदललं की रीइंडेक्स करायचं हे भिंतीवर लिहून ठेवा.

प्रोसीजर मधलं बाकीचं पटकन. ओरॅकलचा पॅकेज नावाचा प्रकार, म्हणजे प्रोसीजरांचा एकत्र गठ्ठा, पोस्टग्रेसमध्ये नाही, स्कीमा करून त्यात फंक्शनं ठेवायची, पॅकेज व्हेरिएबल असतील तर डोकं खाजवायला लागतंय. एनव्हीएल, डीकोड, सिस्डेट या ओरॅकलच्या फंक्शनांसाठी ओराफसे नावाचं एक्स्टेन्शन आहे, सुरुवातीला लावा, पण कायम त्याच्या कुबडीवर राहू नका. ओरॅकलच्या डेटमध्ये वेळ पण असते, पोस्टग्रेसच्या डेटमध्ये नसते, काउंटरची वेळ जिथं लागते तिथं टाइमस्टॅम्प. आणि एक मोठी सवय मोडावी लागते. ओरॅकलमध्ये ट्रान्झॅक्शनच्या, म्हणजे एकत्र पक्क्या होणाऱ्या नोंदींच्या, मधे एक इन्सर्ट फेल झाला तर तेवढाच फेल, पुढचं चालू. पोस्टग्रेस म्हणतो एक फेल म्हणजे सगळं रद्द, आता रोलबॅक करा, तोपर्यंत काही ऐकणार नाही. आपली डे-एंड बऱ्याचदा अशी लिहिलेली असते की आधी इन्सर्ट मारून बघायचा, डुप्लिकेट आला तर अपडेट. ते सगळं ऑन कॉन्फ्लिक्ट वापरून नीट लिहायचं. लूपच्या आत एक्सेप्शन पकडणारा ब्लॉक आणि त्याच्यातच कमिट हे तर चालतच नाही.

कारखान्याचं तुम्ही नंतर करणार असाल तरी काट्याचं एक सांगून ठेवतो. एका कारखान्यात आम्ही फक्त वजनकाट्याचं मॉड्यूल पोस्टग्रेसवर नेलं होतं. गळीत हंगामात काटा चोवीस तास चालतो, ट्रॅक्टर, ट्रक, बैलगाड्यांची रांग रस्त्यापर्यंत, एका खेपेच्या रेकॉर्डला भरलेलं वजन, रिकामं वजन, चिटबॉयची स्लिप, गव्हाणीचा नंबर असे पाच-सहा अपडेट. पोस्टग्रेसमध्ये अपडेट म्हणजे जुनी ओळ तशीच मेलेली पडून राहते आणि नवीन लिहिली जाते, मेलेल्या ओळी झाडायचं काम ऑटोव्हॅक्यूम करतं. हंगामाच्या तिसऱ्या आठवड्यात काट्याची स्क्रीन चार-चार सेकंद घ्यायला लागली आणि काट्यावर चार सेकंद म्हणजे शिव्या. शोधलं तर शेतकी ऑफिसातल्या एकानं शनिवारी एक खेप दुरुस्तीला उघडली, त्या स्क्रीननं सिलेक्ट फॉर अपडेट (ओळ अडवून ठेवणारी कमांड) मारला, आणि ते स्क्रीन तशीच ठेवून गावाला गेले. ट्रान्झॅक्शन उघडंच. ते उघडं आहे तोपर्यंत त्याच्या नंतर मेलेली एकही ओळ झाडता येत नाही, अख्ख्या डेटाबेसमधली. सोमवारपर्यंत मेलेल्या ओळींचा ढीग. नुसतं उघडं पडलेलं ट्रान्झॅक्शन तोडणारा आयडल इन ट्रान्झॅक्शन सेशन टाइमआउट दहा मिनिटं लावला आणि त्या टेबलाचा ऑटोव्हॅक्यूमचा स्केल फॅक्टर ०.२ वरनं ०.०२ केला. मूळ सेटिंगमध्ये टेबलाच्या २० टक्के ओळी मेल्याशिवाय झाडू हलत नाही, ४० लाखाच्या टेबलाला म्हणजे ८ लाख ओळी. ओरॅकलवाल्याला हे दुखणं ओळखीचंच नसतं, त्याला अनडू, म्हणजे जुन्या किंमतींची वेगळी जागा, माहीत, त्यामुळं तो आधी इंडेक्स बघत बसतो.

कनेक्शनचंही तसंच, पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शनला एक स्वतंत्र प्रोसेस, मूळ मर्यादा १००. पिग्मी एजंट संध्याकाळी सहाला एकदम सिंक मारतात. मर्यादा हजार करू नका, पुढं पीजीबाउन्सर लावा, ते थोडी कनेक्शनं सगळ्यांत वाटून देतं.

आता लायसन्सच्या पैशाचं काय करायचं ते. हे मालक लोकांना आवडत नाही पण वाचलेले सगळे पैसे नफ्यात धरू नका. ओरॅकलच्या स्टँडबाय, म्हणजे राखीव, सर्व्हरला पण लायसन्स लागतं, म्हणून आपल्याकडं कुणीच स्टँडबाय ठेवत नाही, एक सर्व्हर आणि पेन ड्राइव्हवर एक्स्पोर्ट. ऑगस्ट २०१९ आठवा. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली तेव्हा किती ऑफिसांचे तळमजल्यावरचे सर्व्हर पाण्यात होते, आणि बॅकअपची हार्ड डिस्क त्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये. पोस्टग्रेसचा दुसरा सर्व्हर कुपवाडला नाहीतर मिरजेला उंचावर ठेवा, स्ट्रीमिंग रेप्लिकेशन (प्रत्येक बदल लगेच दुसऱ्या सर्व्हरवर) लावा, खर्च फक्त मशीनचा आणि इंटरनेटचा. वर पीजीबॅकरेस्ट नावाच्या टूलनं रोजचा बॅकअप आणि मधल्या सगळ्या बदलांची नोंद साठवा, म्हणजे दुपारी सव्वातीनला कुणी चुकीचा अपडेट मारला तर तीन चौदापर्यंत मागं जाता येतं. नुसत्या पीजी डंपवर, म्हणजे एका वेळच्या कॉपीवर, पतसंस्था चालवू नका, डंप रात्रीचा असतो आणि माणसं चुका दिवसा करतात.

दुसरा पैसा माणसात घाला. सपोर्टचा फोन उचलणारं आता कुणी नाही, तुम्हीच. तुमच्याकडं वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजमधनं आलेली पोरं असतील, हुशार असतात, दोन वर्षांनी हिंजवडीला जातात. तेव्हा पोस्टग्रेस एकाला नाही तिघांना शिकवा, आणि त्यातला एक असा असावा ज्याचं घर इथं आहे, शेत इथं आहे, आणि जो कुठं जाणार नाही. थट्टा नाही करत, मी असंच निवडतो. व्हर्जनचा हिशोब पण त्याच्याकडं द्या, दरवर्षी नवीन मेजर व्हर्जन येतं आणि प्रत्येकाला पाच वर्षं पॅच मिळतात, म्हणजे चार-साडेचार वर्षांत एकदा अपग्रेड करायचंच.

आता तुमचा क्रम. जुन्या क्लायंटला हात लावू नका. आधी प्रॉडक्ट दोन्ही डेटाबेसवर चालेल असं करा, आणि पुढची जी नवीन छोटी संस्था येईल तिला पोस्टग्रेसवर द्या, तिचा जुना डेटा नाही, जुनी सवय नाही. तिथनंच लायसन्सचा आकडा कोटेशनमधनं जातो, म्हणजे तुमचं मूळ दुखणं तिथंच बरं होतं. मग जुन्यातली एक मध्यम संस्था, जिचा मॅनेजर तुमच्याशी फोनवर नीट बोलतो. मोठी सगळ्यात शेवटी. दोन माणसं पूर्णवेळ, तिसरा व्याजाचा आणि हिशोबाचा जाणकार अर्धवेळ, पहिल्या संस्थेला आठ-नऊ महिने धरा, पुढच्या लवकर होतात.

तारीख बघून ठरवा. मार्च एंडच्या आसपास नाही, नंतर ऑडिट, सप्टेंबरला वार्षिक सभा. मला ऑक्टोबर मधला ते डिसेंबर बरा वाटतो. कारखान्याचं मात्र जून-जुलैलाच, बॉयलर थंड असताना. त्याच्याआधी किमान एक महिना दोन्ही बाजूला चालवा, दिवसभराची एंट्री ओरॅकलवर, रात्री तोच डेटा पोस्टग्रेसवर घेऊन डे-एंड दोन्हीकडं, आणि सकाळी तेरीज, रोजकीर्द, ठेवींवरचं देय व्याज दोन्हीचं शेजारी शेजारी. एका पैशाचा फरक आला तरी त्या दिवशी दुसरं काही करायचं नाही, तो पैसा शोधायचा. आमचा एकदा सात पैशांचा फरक होता, कुणीतरी म्हणालं राउंडिंग असेल सोडा. राउंडिंगच होतं, पण एका कर्जप्रकारात व्याज महिन्याला राउंड होण्याऐवजी रोज राउंड होत होतं आणि वर्षअखेर तो काही हजारांवर गेला असता.

आणि परतीचा रस्ता ठेवा. स्विच केल्यावर पहिले पंधरा दिवस पोस्टग्रेसवर झालेली दिवसाची सगळी व्हाउचर रात्री फाइलमध्ये काढून जुन्या ओरॅकलमध्ये चढवायची, म्हणजे फसलंच तर दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला काउंटर जुन्यावर उघडता येतो. आम्ही त्या शून्य व्याजाच्या वेळी ह्याच्यावरच वाचलो, संस्थेच्या सभासदांना काही कळलं पण नाही, फक्त आम्हाला आणि मॅनेजरांना. जुन्या सर्व्हरचा सपोर्ट लगेच बंद करू नका, एक रिन्यूअल जास्तीचं गेलं तर जाऊ द्या.

ह्या आठवड्यात एवढंच करा, ओरा२पीजीचा रिपोर्ट काढा आणि तुमच्या सगळ्या प्रोसीजरमध्ये ३६५ हा आकडा किती ठिकाणी आहे ते मोजा. तो आकडा मला कळवा, दिवस किती लागतील ते मी त्याच्यावरनं सांगतो.